लहान मेंदूला एकच शब्द येतो

ग्वारीघाटाला नावेत बसल्यापासून मावशी तीनदा ‘नको’ म्हणाली. पहिलं नको फोन बाहेर काढला म्हणून. दुसरं, कडेला रेलून पाण्यात हात घातला म्हणून. तिसरं सगळ्यात खणखणीत, कारण नर्मदेच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या लहानशा देवळाचा फोटो घ्यायला मी चक्क उभा राहिलो. नाव कलली, मी कललो, समोरच्या आजींच्या मांडीवरचा फुलांचा द्रोण कलंडला. ‘‘बैठे रहिए, भैया,’’ एवढंच नावाडी म्हणाला, तेही माझ्याकडे न बघता. तो स्वतः नावेच्या टोकाला, वीतभर फळीवर अनवाणी उभा होता. हातात लांब बांबू, तोंडात पान, मान मागे वळवलेली आणि मागच्या नाववाल्याशी सवारीवरून हुज्जत चाललेली. तो पडत नव्हता. मी मात्र बसल्याबसल्या पडायच्या बेतात होतो.

मावशीला जबलपूरला येऊन चाळीस वर्षं झाली. तिच्या मराठीत आता ‘सम्हालके’ आणि ‘सांभाळून’ एकाच वाक्यात येतात, पण ‘नको’ मात्र अस्सल पुणेरी राहिलंय. त्या संध्याकाळी मला कळलं की मावशीचा आणि नावाड्याच्या तोलाचा संबंध आहे. त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या खळगीच्या जरा वर जो लहान मेंदू आहे, त्याचा सगळा कारभार मावशीसारखाच चालतो.

शाळेच्या पुस्तकात तो ‘अनुमस्तिष्क’ या भारदस्त नावाने भेटतो. ‘शरीराचा तोल सांभाळणे’ असं एका ओळीत उत्तर लिहायचं आणि मार्क घेऊन पुढे जायचं. एवढ्या मोठ्या कारभाऱ्याची एवढीच दखल! माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, त्यातल्या ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत. वजन मात्र सगळ्या मेंदूच्या जेमतेम एक दशांश, म्हणजे एखाद्या पेरूएवढं. दाटीवाटीत मुंबईची लोकलही मागे पडेल. हत्तीचं तर आणखी वेगळं. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज चेतापेशी मोजल्या गेल्या आणि त्यातल्या जवळजवळ ९८ टक्के लहान मेंदूत सापडल्या. एवढी सोंड चालवायची म्हणजे हिशेब ठेवणारे लागणारच.

कोंबडीच्या मेंदूवरून भांडण

या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात की सुट्या? आज हा प्रश्न बाळबोध वाटतो. एकोणिसाव्या शतकात त्यावरून मोठमोठे शास्त्रज्ञ हमरीतुमरीवर आले होते. इटलीच्या कामिल्लो गॉल्जीने १८७३ मध्ये चेतापेशी काळ्याकुट्ट रंगवायची युक्ती शोधली आणि ठामपणे सांगितलं, सगळं एकसंध जाळं आहे. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने तीच युक्ती वापरून पक्ष्यांचा लहान मेंदू रंगवला आणि १८८८ मध्ये उलट सांगितलं. प्रत्येक पेशी स्वतंत्र, टोकं एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण एकजीव होत नाहीत. म्हणजे ‘चेतापेशी सुटी असते’ या आजच्या सगळ्या मेंदूशास्त्राच्या पायाची पहिली वीट लहान मेंदूतून निघाली, आणि तीही कोंबडीच्या. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. गॉल्जीने नोबेलच्या भाषणातसुद्धा काहालचं म्हणणं खोडायचा प्रयत्न केला. सोबत बक्षीस घेणाऱ्याचं त्याच व्यासपीठावरून उट्टं काढायचं, म्हणजे आपल्या साहित्य संमेलनातच शोभावं.

पेशी सुट्या, तर मग निरोप पोचतो कसा? वीज उडी मारते, असं एक गट म्हणे. रसायन पाझरतं, असं दुसरा. १९२१ मध्ये ऑटो लोवीने बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून रसायनाची बाजू सिद्ध केली. प्रयोग त्याला स्वप्नात सुचला होता. पहिल्या रात्री अर्धवट झोपेत त्याने कागदावर खरडून ठेवलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं तेव्हा तो कागदाच्या भानगडीत न पडता उठून थेट प्रयोगशाळेत गेला. उशाशी वही ठेवणाऱ्यांनी अक्षर सुधारावं, एवढं तरी यातून घ्यावं.

विजेच्या बाजूने सगळ्यात हिरिरीने भांडणारा जॉन एकल्स. १९५१ मध्ये त्याच्याच प्रयोगात त्याचाच मुद्दा पडला आणि त्याने तो जाहीरपणे सोडून दिला. पुढे याच एकल्सने जपानच्या मासाओ इटो आणि हंगेरीच्या यानोश सेंटागोताय यांच्याबरोबर १९६७ मध्ये लहान मेंदूच्या जोडणीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. पक्षांतर असावं तर असं.

पलीकडे जायला नावच

ग्वारीघाटासमोर पलीकडच्या काठावर गुरुद्वारा आहे. अलीकडचे लोक नावेने तिकडे जातात. दोन चेतापेशींमधलं पात्र असंच, फक्त त्याची रुंदी साधारण २० नॅनोमीटर. केसाच्या जाडीचे चार हजार भाग केले तर त्यातला एक. विजेचा निरोप अलीकडच्या काठापर्यंत धावत येतो आणि तिथे थबकतो. तो थबकला की काठावरची दारं उघडून कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम शिरलं की रसायनाने भरलेल्या इवल्याशा पिशव्या काठाला येऊन फुटतात. एकेका पिशवीत काही हजार रेणू. ते पाण्यात पडतात, पलीकडे पोचतात, तिथल्या ठरलेल्या खाचांत बसतात आणि पलीकडच्या पेशीला कळतं की निरोप आला. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात. आमच्या नावेला पाऊण तास लागला, कारण वीस सवाऱ्या भरल्याशिवाय निघायचंच नाही हा तिथला नियम.

उतरलेल्या रेणूंना घाटावर रेंगाळू दिलं तर जुना निरोप आणि नवा निरोप यांची भेसळ होईल. म्हणून शेजारच्या बर्गमन नावाच्या पेशी ते भराभर उचलून घेतात. आरतीनंतर घाट झाडणाऱ्यांची आठवण झाली. त्यांचंही नाव कोणी घेत नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा. लहान मेंदूला निरोप धाडणारं ‘ऑलिव्ह’ नावाचं एक ठाणं मेंदूच्या देठात आहे. तिथल्या पेशी आपसात बोलताना रसायनाची नाव वापरतच नाहीत, त्यांच्यामध्ये थेट पूल बांधलेले असतात आणि वीज सरळ पलीकडे जाते. म्हणजे गॉल्जीचं आणि विजेवाल्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. फक्त त्यांनी गाव चुकीचं निवडलं होतं.

अजिनोमोटो आणि बटाटा

आता रसायनं कोणती ते बघू. नावं ऐकून घाबरू नका, दोन्ही तुमच्या ओळखीची आहेत.

पहिलं ग्लुटामेट. चायनीजच्या गाडीवर चिमूटभर टाकतात ती पांढरी पूड, अजिनोमोटो, म्हणजे याचंच मीठ. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालाच्या कढणातून त्याची चव वेगळी काढली. लहान मेंदूत ग्लुटामेट म्हणजे ‘चल, हो पुढे!’ (मंचुरियन खाल्ल्याने तोल सुधारत नाही. मेंदू आपलं ग्लुटामेट आपणच बनवतो, गाडीवरचं आत घेत नाही.)

दुसरं गाबा. १९५० मध्ये ते मेंदूत सापडलं त्याच्या आदल्याच वर्षी बटाट्यात सापडलं होतं. गाबा म्हणजे ‘नको’.

गंमत पुढे आहे. गाबा बनतं कशापासून? ग्लुटामेटपासूनच. ग्लुटामेटच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून टाकला की उरतं ते गाबा. ‘हो’चा ‘नको’ करायला निसर्गाने एवढीच काटछाट केली. ती करणाऱ्या विकराला ब-६ जीवनसत्त्व लागतं.

लहान मेंदूतल्या बारीक दाणेदार पेशी अब्जावधी आणि सगळ्या ग्लुटामेटवाल्या. त्यांचा गलका ऐकून शेवटचा निर्णय बाहेर पोचवणाऱ्या पेशी मात्र माणसात दीड ते तीन कोटींच्या घरात. त्या पुरकिंजे पेशी. दिसायला उन्हाळ्यातल्या पानगळलेल्या पळसासारख्या, पण एकाच पातळीत पसरलेल्या, जणू झाड पुस्तकात दाबून ठेवलंय. उंदरांतल्या मोजणीप्रमाणे अशा एका झाडावर दीड-दोन लाख ठिकाणांहून ग्लुटामेटचे निरोप येतात. आणि ही पेशी पुढे काय सांगते? गाबा. फक्त गाबा. लहान मेंदूच्या सालीतून बाहेर पडणारा प्रत्येक हुकूम म्हणजे ‘नको’. १९६४ मध्ये इटो आणि योशिदा यांनी हे दाखवलं तेव्हा सगळ्यांना अचंबा वाटला. सालीचा कारभारी फक्त नकार देतो, मग काम होतं कसं?

तर असं. लहान मेंदूच्या गाभ्यातल्या पेशी मुळातच उतावळ्या. कोणी सांगो न सांगो, त्या निरोप पाठवत सुटतात. पुरकिंजे पेशी सेकंदाला पन्नास-शंभर वेळा ‘नको, नको, नको’ म्हणत त्यांना दाबून धरतात. नेमक्या क्षणी, नेमक्या ठिकाणी हे ‘नको’ जरा सैल पडतं आणि तेवढीच हालचाल सुटते. नावाड्याचा बांबू तळाला टेकला की डाव्या घोट्याला किती झुकायचं, उजव्या कमरेने कधी आवरायचं, हे असं ठरतं. मावशीही दिवसभर नको म्हणते आणि घर सुरळीत चालतं. काका म्हणतात ती गप्प बसली की भीती वाटते.

एक वेल, एक तंबी

प्रत्येक पुरकिंजे झाडावर, लाखभर निरोप्यांशिवाय, बहुधा एकच जाड वेल चढलेला असतो. तो येतो मघाच्या त्या ऑलिव्ह ठाण्यातून आणि गुळवेलीसारखा बुंध्याला विळखे घालून शेकडो ठिकाणी टेकतो. लहानपणी अनेक वेल चढायला बघतात, मोठेपणी एक टिकतो, बाकीचे गळून जातात. हा वेल फार बोलत नाही, सेकंदाला साधारण एकदा. पण बोलला की अख्खं झाड हादरतं.

तो काय म्हणतो यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत, पण गाजलेलं मत असं की तो म्हणतो, ‘चुकलं!’ हा वेल शिकवणी घेतो, हा अंदाज डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये कागदावर मांडला, आणि ती शिकवणी चुकीवर तंबी देण्याची असते, असं जेम्स आल्बस यांनी १९७१ मध्ये. १९८२ मध्ये इटो यांच्या गटाने प्रयोगात दाखवलं की वेलाची तंबी आणि दाणेदार पेशींचा निरोप एकाच वेळी वारंवार आले, तर त्या निरोपाचा जोर पुढे बराच काळ कमी होतो. म्हणजे पलीकडच्या काठावरच्या ग्लुटामेटच्या खाचाच कमी होतात. सायकल शिकताना गुडघे फुटतात तेव्हा डोक्यात हेच चाललेलं असतं. चुकीच्या निरोपांचे धक्के बंद होतात, बरोबर असलेले राहतात. लहान मेंदूचं शिकणं बरंचसं असं विसरण्यातून होतं.

नॅरोगेज

विदर्भातल्या जुन्या मंडळींना गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर ही छोटी गाडी आठवत असेल. अडीच फुटांचे रूळ, खिडकीतून हात काढला तर झाडाचं पान हाताशी, आणि ग्वारीघाटचं ठेंगणं स्टेशन. आता ब्रॉडगेज झाली. लहान मेंदूत मात्र नॅरोगेज अजून शाबूत आहे. दाणेदार पेशींचे तंतू विलक्षण बारीक, एकमेकांना समांतर, सरळसोट पुरकिंजे झाडांतून जाणारे. त्यांच्यातून निरोप सेकंदाला अर्धा मीटरही धड जात नाही. पायांतल्या वेगवान चेता सेकंदाला पन्नास-साठ मीटर निरोप नेतात. नर्मदा परिक्रमेला निघालेला, पाठीवर वळकटी घेतलेला म्हातारा माणूससुद्धा या तंतूंतल्या निरोपाला सहज मागे टाकेल. मग इतकी मंद गाडी ठेवली कशाला? अंतरच मुळी काही मिलिमीटरचं आहे, आणि जाडे वेगवान तंतू घातले असते तर एवढ्या गर्दीला कवटी पुरली नसती.

जायफळ खाणारे साहेब

पुरकिंजे पेशीला ज्यांचं नाव पडलं ते यान पुरकिंजे बोहेमियाचे. पेशी त्यांनी १८३७ मध्ये वर्णन केली, पण माणूस त्याआधीच भन्नाट. १८२३ मध्ये बोटांच्या ठशांचे नऊ प्रकार त्यांनी मांडले. चक्कर म्हणजे काय हे कळावं म्हणून स्वतः गरागरा फिरले, डोकं वेगवेगळ्या बाजूंना कलवून थांबले आणि जग कुठल्या दिशेला फिरतं त्याच्या नोंदी केल्या. औषधी पदार्थ स्वतःवर तपासायची त्यांना हौसच. त्यात जायफळंही आली, आणि साहेबांना चांगलीच गुंगी चढली. श्रीखंडात जायफळ जरा जास्त पडलं की दुपारी तीनपर्यंत आपलं काय होतं ते आठवा. पुरकिंजेंनी प्रमाण जरा सढळ ठेवलं होतं, एवढंच.

उलटा निरोप आणि शिवरात्र

आता नशेवर आलोच आहोत तर. महाशिवरात्रीला भांग प्यायलेल्या माणसाची चाल पाहिली असेल. पाय एकीकडे, धड दुसरीकडे, आणि चेहऱ्यावर ब्रह्मानंद. याचं कारण लहान मेंदूत निरोप उलट दिशेनेही जातो. पुरकिंजे पेशीवर ग्लुटामेटचा फार मारा झाला की ती स्वतःच एक तेलकट रसायन बनवून मागे सोडते. ते पात्र उलटं ओलांडून निरोप पाठवणाऱ्याच्याच काठावरच्या खाचांत बसतं आणि सांगतं, ‘पुरे आता.’ २००१ मध्ये हे लहान मेंदूतच नीट दाखवलं गेलं. भांगेतलं द्रव्य नेमकं याच खाचांत बसतं, आणि लहान मेंदूत अशा खाचा खच्चून भरलेल्या आहेत. सगळीकडून एकदम ‘पुरे’ आलं की तोल कोण सांभाळणार?

शरीर स्वतः बनवतं अशा भांगसदृश रसायनांपैकी पहिलं १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सापडलं. शोधणाऱ्यांनी नाव ठेवलं आनंदामाइड. हो, आपल्या संस्कृतातला आनंद. लहान मेंदूत मुख्य काम त्याचा एक भाऊबंद करतो, पण त्याला असं गोड नाव मिळालं नाही.

दारूची गोष्ट वेगळी. ती गाबाच्या ‘नको’चा जोर वाढवते. म्हणून रस्त्यावर सरळ रेषेत चालवून दाखवण्याची परीक्षा ही खरं तर लहान मेंदूची प्रात्यक्षिक परीक्षा असते.

तिवडा, लाखोळी, केसरी

चटपटीत मजकुरात हे बसत नाही, पण याच भागातली गोष्ट आहे म्हणून सांगतो. ठगांचा बंदोबस्त करणारे विल्यम स्लीमन जबलपूरचे जुने कारभारी. सागरकडच्या गावांत १८२९ मध्ये गारपीट, १८३० मध्ये पावसाची ओढ, १८३१ मध्ये गव्हावर रोग. तगला फक्त तिवडा, विदर्भात ज्याला लाखोळी म्हणतात आणि पुस्तकात केसरी डाळ. लोक महिनोन्‌महिने त्यावरच जगले. १८३३ पासून तिशीच्या आतली तरणीताठी माणसं कमरेखाली लुळी पडू लागली, हे स्लीमन यांनी लिहून ठेवलं आहे. कारण बऱ्याच उशिरा कळलं. या डाळीतलं एक द्रव्य ग्लुटामेटची नक्कल करतं, त्याच्याच खाचांत बसतं आणि ‘चल’ म्हणतच राहतं. पेशी शेवटी थकून मरतात. यात बळी पडतात त्या मोठ्या मेंदूतून पायांकडे हुकूम नेणाऱ्या पेशी, लहान मेंदूतल्या नव्हे. पण ‘नको’ म्हणणारं कोणी उरलं नाही तर ‘हो’ किती महागात पडतं, ते या भागाने फार आधी पाहिलं.

लहान मेंदूच झिजवणाऱ्या एका आजाराची खूण मात्र मुंबईत सापडली. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे तोल जाणारे, बोबडे बोलणारे काही रुग्ण येत. त्यांची नजर एका वस्तूवरून दुसरीकडे झटकन उडत नसे, सावकाश सरके. असा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नऊ कुटुंबं वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये वर्णन केली. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याचं जनुक हाती लागलं. जनुकातली तीन अक्षरं बहुतेकांत साधारण २२ वेळा लागोपाठ येतात, ती या आजारात तेहेतीसच्या पुढे जातात. ही अक्षरं ज्या अमिनो आम्लाची खूण आहेत ते ग्लुटामिन, ग्लुटामेटचंच सख्खं भावंड. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं. आजार त्यांनी पकडला तो रुग्णाच्या डोळ्यांत बघून.

दिवे लागले तेव्हा आम्ही काठाला होतो. घाटावरच्या चौथऱ्यांवर पंडित ओळीने उभे राहिले, प्रत्येकाच्या हातात मजल्यामजल्यांचा जड दीप, आणि सगळे एकाच वेळी एकाच वळणाने फिरू लागले. ‘‘नर्मदे हर!’’ गर्दी ओरडली. मावशीने हात जोडले. माझ्या पायाखालची पायरी अजून हलत होती. खरं तर हलत होता माझा लहान मेंदू. पाऊण तासात त्याने नावेच्या डुलण्याचा हिशेब पाठ केला होता आणि दगडी पायरीवर आल्यावरही तो तोच खर्ची टाकत होता. थोड्या वेळाने थांबतं. माझंही चहाच्या दुसऱ्या कपाला थांबलं.

पण नावेत न बसता, भांग-दारू न घेता कोणाला अचानक पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली, चालताना झोक जाऊ लागला, बोलताना जीभ जड झाली किंवा नाकाला लावायला नेलेलं बोट भलतीकडे गेलं, तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून लिंबू-सरबत देऊन झोपवू नका. लहान मेंदूतला पक्षाघात असाच सुरू होतो, त्यात पहिले काही तासच हाताशी असतात. थेट मोठा दवाखाना गाठा.